प्रश्न वाचकांचे: पुनर्वसनाची माहिती नेमकी कुठे शोधावी?

गेल्या काही आठवड्यांत ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. रुग्णालयातील उपचार संपतात, रुग्ण घरी येतो आणि त्याला पुन्हा उभे करण्याचे काम तिथून पुढे सुरू होते; पण त्या कामासाठी घरच्यांच्या हाती असतो तो डिस्चार्जचा कागद आणि मोबाइल. इंटरनेटवर मिळणाऱ्या माहितीपैकी कशावर विसंबावे, हा प्रश्न म्हणून या अंकात सविस्तर घेतला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे): माझ्या सासऱ्यांचे वय ६८ आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात व पाय कमजोर झाला असून बोलताना त्यांना शब्द आठवत नाहीत. घरी सोडताना ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढेच सांगण्यात आले. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येऊन पाऊण तास व्यायाम घेतात. माझ्या नणंदेने एक व्हिडिओ पाहून दाराला कप्पी लावली आणि चांगल्या हाताने दोरी ओढून आजारी हात वर उचलण्याचा व्यायाम सुरू केला. आता त्यांचा खांदा फार दुखतो. व्हिडिओ तर एका डॉक्टरांचाच होता. मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?

उत्तर: कप्पीचा व्यायाम आजच थांबवावा आणि खांदा डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवावा. दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीत धरून ठेवण्याचे काम खांद्याभोवतीचे स्नायू करतात. पक्षाघातात हे स्नायू शिथिल पडले की हाताच्या स्वतःच्या वजनानेच सांधा खाली ओढला जातो. शिवाय हात डोक्याच्या वर जाताना पाठीवरचे फऱ्याचे हाड त्याच्याबरोबर फिरावे लागते. ते फिरत नसताना दोरीने हात वर खेचला, तर सांध्यातील मऊ भाग हाडांमध्ये चिमटला जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांनी पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाविषयी २०१६ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत डोक्यावरच्या कप्पीचा व्यायाम करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तो दस्तऐवज कोणालाही विनामूल्य वाचता येतो.

आपण पाहिलेला व्हिडिओ खोटा असेलच असे नाही. मधुमेही रुग्णांमध्ये पुष्कळदा आढळणाऱ्या ‘फ्रोझन शोल्डर’साठी, म्हणजे आखडलेल्या खांद्यासाठी, हाच कप्पीचा व्यायाम सर्रास दिला जातो. सांगणारे डॉक्टर असतील, व्यायामही योग्य असेल, फक्त तो आपल्या सासऱ्यांसाठी नव्हता. म्हणूनच पुनर्वसनाच्या बाबतीत ‘सांगणारा कोण’ एवढे पाहून भागत नाही. हा सल्ला कोणत्या आजारासाठी आहे, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि कोणी तो पाळू नये, या तिन्ही गोष्टी तिथे लिहिलेल्या आहेत का, हे पाहावे लागते. माझ्या मते यांतली तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ‘हे कोणी करू नये’ याबद्दल जे पान किंवा जो व्हिडिओ अवाक्षर काढत नाही, त्यावरून घरात कोणताही व्यायाम सुरू करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

शोधताना कोणते शब्द वापरतो यानेही फार फरक पडतो. ‘पॅरालिसिसवर रामबाण उपाय’ असे शोधले की जाहिराती पुढे येतात. ‘स्ट्रोक रिहॅबिलिटेशन गाइडलाइन’ असे शोधले की तज्ज्ञांच्या समित्यांनी तयार केलेले दस्तऐवज दिसतात. सर्वसामान्य वाचकाने सुरुवात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, संकेतस्थळावरून किंवा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या ‘मेडलाइनप्लस’वरून करावी. ही दोन्ही सरकारी असून साध्या इंग्रजीत लिहिलेली आहेत. एनएचएसच्या आजारविषयक पानांच्या तळाशी ते पान शेवटचे कधी तपासले आणि पुन्हा कधी तपासले जाणार, या दोन्ही तारखा दिलेल्या असतात. ही सवय आपल्याकडच्या आरोग्यविषयक लेखनानेही लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वीस आजारांसाठी पुनर्वसनाच्या उपाययोजनांचा एक संच प्रसिद्ध केला असून त्यात पक्षाघाताचाही समावेश आहे. तो मुख्यतः आरोग्य यंत्रणांसाठी लिहिलेला आहे, तरीही एखाद्या आजारात कोणकोणती मदत अपेक्षित असते याचा आवाका त्यातून कळतो.

आता व्यायामाच्या वेळेविषयी. ब्रिटन व आयर्लंडच्या २०२३ मधील पक्षाघातविषयक सूचनांनुसार ज्यांना झेपेल अशा रुग्णांना दिवसाला किमान तीन तास आणि आठवड्यातून किमान पाच दिवस उपचार मिळावेत. हे तीन तास केवळ फिजिओथेरपीचे नाहीत. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार, आणि वाचा उपचार त्यात धरलेले आहेत. आपल्याकडे घरी येणाऱ्या थेरपिस्टचा पाऊण तास हा त्यापुढे फारच थोडा आहे. म्हणून त्यांना ‘तुम्ही गेल्यावर दिवसभरात आम्ही काय करावे, किती वेळा करावे आणि काय टाळावे’ हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. कपडे घालणे, ताटातला घास उजव्या हाताने उचलण्याचा प्रयत्न करणे, खुर्चीतून उठणे हे सारे व्यायामच आहेत.

मात्र ‘जितके जास्त तितके चांगले’ हाही नियम नव्हे. ‘ॲव्हर्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पाच देशांतील ५६ रुग्णालयांमधील २,१०४ रुग्णांचा अभ्यास झाला. झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार अंथरुणाबाहेर काढून उभे करणे व चालवणे फायद्याचे ठरेल, असे संशोधकांना वाटत होते. २०१५ मध्ये निष्कर्ष आले ते उलटे: तीन महिन्यांनंतर या रुग्णांची स्थिती नेहमीच्या पद्धतीने हळूहळू उठवलेल्या रुग्णांपेक्षा काहीशी कमी चांगली होती. आपले सासरे आता त्या टप्प्याच्या बरेच पुढे आले आहेत, तेव्हा या निष्कर्षावरून त्यांचा व्यायाम कमी करू नये. एखादा सल्ला टप्प्याशी किती घट्ट बांधलेला असतो, हे दाखवण्यासाठी मी तो सांगितला.

फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, थोडक्यात पी.एम.आर., ही एम.बी.बी.एस.नंतरची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे, हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. स्नायूंचा ताठरपणा, खांद्याचे दुखणे, पायाला लागणारा स्प्लिंट (आधारपट्टी), लघवीवरील नियंत्रण आणि वेगवेगळ्या थेरपींचा मेळ या गोष्टी हे तज्ज्ञ एकत्रितपणे पाहतात. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरावे लागते. रुग्णाला घेऊन हा प्रवास सोपा नाही, याची मला कल्पना आहे. पण एकदा सर्वांगीण तपासणी करून घेऊन पुढील आराखडा ठरवण्यासाठी तो करावा.

बोलण्याकडे मात्र आपल्या घरात दुर्लक्ष होत असावे, अशी शंका पत्रावरून येते. उजव्या बाजूच्या अर्धांगाबरोबर शब्द न सापडणे हे मेंदूच्या डाव्या भागातील इजेमुळे होते. त्याचा अर्थ बुद्धी गेली असा नव्हे. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी परस्पर बोलू नये, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. वाचा उपचारांसाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही सरकारी संस्था आहे. अर्धांगाच्या रुग्णाला व्यायाम मिळतो आणि वाचा उपचार मिळतच नाहीत, हे चित्र घरोघरी दिसते आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न (खारघर, नवी मुंबई): माझा मुलगा पाच वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) आहे. आधार घेऊन तो थोडे चालतो. समाजमाध्यमांवर स्टेम सेल उपचारांच्या जाहिराती मला सतत दिसतात. त्यांत मुलांचे आधीचे आणि नंतरचे व्हिडिओ असतात. एका केंद्रात चौकशी केली तेव्हा काही लाख रुपये खर्च सांगण्यात आला. दागिने मोडण्याची आमची तयारी आहे, पण मनात धाकधूक आहे. खरी माहिती कुठे मिळेल?

उत्तर: कृपया दागिने मोडू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ मध्ये स्टेम सेल संशोधनाविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्ताच्या विशिष्ट आजारांसाठी केले जाणारे स्टेम सेलचे, म्हणजे मूलपेशींचे, प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. त्यापलीकडे इतर आजारांसाठी स्टेम सेलचा वापर केवळ परवानगी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येतो, अशी त्यांतील भूमिका आहे. सेरेब्रल पाल्सी त्या मान्य आजारांमध्ये येत नाही. चाचणी असेल तर ज्या उपचाराची परीक्षा चालू आहे त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. म्हणून केंद्राला विचारावे: हा मान्य उपचार आहे की चाचणी? मान्य उपचार म्हणत असतील तर ते २०१७ च्या तत्त्वांशी जुळत नाही. चाचणी म्हणत असतील तर लाखो रुपये कशासाठी?

भारतात होणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे होते. २००७ मध्ये सुरू झालेली ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. केंद्राने नोंदणी क्रमांक दिला तर तो तिथे टाकून चाचणी कोणत्या आजारासाठी आहे, कोणत्या वयाच्या रुग्णांसाठी आहे, नैतिकता समितीची मान्यता आहे का आणि चाचणीचे ठिकाण तेच केंद्र आहे का, हे पडताळावे. एक सावधगिरी मात्र हवी. नोंदणी झाली म्हणजे उपचार गुणकारी आहे असे सरकारने सांगितले, असा अर्थ होत नाही. नोंदणी क्रमांक जाहिरातीत ठळक छापून हाच गैरसमज पसरवला जाऊ शकतो.

आधी-नंतरचे व्हिडिओ पाहून आई-वडिलांचे मन हलते, यात नवल नाही. पण पाच वर्षांचे मूल सहा महिन्यांत काही ना काही नवे शिकतेच; सेरेब्रल पाल्सी असलेले मूलही शिकते. शिवाय अशा पॅकेजमध्ये इंजेक्शनबरोबर रोजची भरपूर थेरपीही दिली जाते. मग झालेली सुधारणा वाढत्या वयाची, थेरपीची की इंजेक्शनची, हे व्हिडिओवरून कोणीही सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठीच तुलनेचा दुसरा गट असलेली चाचणी लागते. काही आजार बरे करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई केली आहे आणि त्या आजारांच्या यादीत पक्षाघात, मधुमेह, संधिवात आहेत. म्हणजे ‘हमखास बरे करू’ ही भाषा दिसली की आपण तिथून उठावे.

आता विश्वासार्ह माहितीकडे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे ‘कॅनचाइल्ड’ हे संशोधन केंद्र पालकांसाठी सोप्या भाषेत लिहिते. मुलाच्या हालचालींची क्षमता पाच स्तरांत मोजणारी, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि आज जगभर वापरली जाणारी जीएमएफसीएस ही पद्धत त्याच गटाने विकसित केली. आपला मुलगा कोणत्या स्तरात आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. कारण इंटरनेटवरचा कोणताही सल्ला वाचताना ‘हे कोणत्या स्तराच्या मुलांसाठी आहे’ हा प्रश्न त्यानंतर नेमकेपणाने विचारता येतो.

दुसरे म्हणजे ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांच्या पुराव्यांचा जो आढावा घेतला आणि २०२० मध्ये अद्ययावत केला, तो. त्यात उपचारांना सिग्नलचे रंग दिले आहेत. विशिष्ट उद्दिष्ट ठरवून त्याच कामाचा सराव करणे, दोन्ही हातांचा एकत्र सराव, ताठर स्नायूंसाठी बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन, तसेच खुब्याच्या सांध्यावर नियमित लक्ष ठेवणे यांना हिरवा रंग आहे. दाबयुक्त ऑक्सिजनच्या कक्षात बसवण्याचा उपचार लाल रंगात आहे, आणि तोही आपल्याकडे विकला जातो. मूळ लेख तज्ज्ञांसाठी आहे. त्यातील रंगांची आकृती छापून मुलाच्या डॉक्टरांकडे न्यावी आणि तिच्यावर बोट ठेवून चर्चा करावी.

खुब्याचा उल्लेख मुद्दाम केला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांमध्ये खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो, आणि सुरुवातीला मूल त्याची तक्रारही करत नाही. ठरावीक काळाने काढलेला साधा एक्स-रे ते वेळीच दाखवतो. लाखो रुपयांच्या इंजेक्शनची चौकशी झाली आहे, पण खुब्याचा एक्स-रे एकदाही काढलेला नाही, अशी परिस्थिती आपल्या मुलाच्या बाबतीत असेल तर हा एक्स-रे आधी काढून घ्यावा. जाहिरातीत तो दिसत नाही, कारण त्यात कोणाला कमाई नाही.

प्रश्न (नेरूळ, नवी मुंबई): मी फिजिओथेरपीच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी संदर्भ शोधताना एका एआय चॅटबॉटची मदत घेतली. त्याने दिलेल्या दहा संदर्भांपैकी काही कुठेच सापडत नाहीत. विनामूल्य आणि खात्रीचे संशोधन कुठे वाचावे? आणि एखादा चांगला शोधनिबंध मिळाला तर त्यावर थांबावे का?

उत्तर: न सापडलेले संदर्भ बहुधा अस्तित्वातच नसावेत. अशी साधने वाक्य खरे वाटेल असे रचतात. लेखकांची नावे, नियतकालिक आणि वर्षही तशाच रीतीने रचले जाऊ शकते. प्रत्येक शीर्षक ‘पबमेड’ या वैद्यकीय शोधनिबंधांच्या विनामूल्य शोधसूचीवर टाकून पाहावे आणि जे सापडेल त्याचा सारांश स्वतः वाचावा. सापडलेला निबंधही कधीकधी चॅटबॉटने सांगितले त्यापेक्षा वेगळेच म्हणत असतो.

आपल्या विषयासाठी ऑस्ट्रेलियातून चालणारा ‘पेड्रो’ हा माहितीसंच अत्यंत उपयुक्त आहे. १९९९ पासून तो विनामूल्य उपलब्ध आहे. फिजिओथेरपीच्या चाचण्यांना त्यात दहापैकी गुण दिलेले असतात. हे गुण चाचणी किती काटेकोरपणे केली याचे असतात, उपचार किती गुणकारी आहे याचे नव्हे. मौखिक परीक्षेत हा घोटाळा करू नये. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉक्रेन’ या संस्थेचे आढावे वाचावेत. तिचा पुनर्वसनासाठीचा स्वतंत्र विभाग २०१६ पासून काम करतो. आढाव्यांचे साध्या भाषेतील सारांश सर्वांना विनामूल्य वाचता येतात. जुनाट कंबरदुखीवरील व्यायामाच्या त्यांच्या २०२१ च्या आढाव्यात २४९ चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. एका निबंधावर थांबणे आणि असा आढावा वाचणे यांतील अंतर या आकड्यावरूनच लक्षात यावे.

आपला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. त्याचे उत्तर फ्लुओक्सेटिन या औषधाच्या उदाहरणातून मिळते. नैराश्यासाठी वापरले जाणारे हे औषध पक्षाघातानंतर हातापायांची ताकद परत येण्यास मदत करते, असे फ्रान्समधील ‘फ्लेम’ या चाचणीत २०११ मध्ये दिसले. चाचणी नीट आखलेली होती, प्रतिष्ठित नियतकालिकात आली होती आणि तिच्यात ११८ रुग्ण होते. आशा वाढली, काही ठिकाणी डॉक्टर हे औषध त्या हेतूने देऊही लागले. पुढे ब्रिटनमध्ये ‘फोकस’ ही चाचणी ३,१२७ रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस आले: दैनंदिन स्वावलंबनात फरक नाही, नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. २०२० मध्ये आलेल्या आणखी दोन मोठ्या चाचण्यांनीही स्वावलंबनाबाबत तेच सांगितले.

यात पहिल्या संशोधकांनी फसवणूक केली नव्हती. लहान चाचणीत योगायोगाचा वाटा मोठा असतो, आणि ‘फ्लेम’मध्ये मोजलेली स्नायूंची हालचाल व ‘फोकस’मध्ये मोजलेले रोजच्या जगण्यातील स्वावलंबन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून निबंध वाचताना रुग्ण किती होते, मोजले काय आणि पुढे कोणी पुन्हा तपासले का, हे पाहावे. २०११ चा लेख आजही इंटरनेटवर आहे, आणि तेवढाच वाचणाऱ्याला पुढची हकिकत कळत नाही. ‘फिजिओपीडिया’ हा कोश विषयात शिरण्यासाठी चांगला आहे. त्याचा संदर्भ थेट न देता त्याने ज्या मूळ निबंधांकडे बोट दाखवले आहे ते वाचून त्यांचा द्यावा.

प्रश्न (कोपरी, ठाणे पूर्व): आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश वारंवार येतो. पक्षाघाताचा झटका आला तर रुग्णाच्या दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढावे, म्हणजे धोका टळतो, असे त्यात लिहिले आहे. हे खरे आहे का? मराठीतून वाचता येईल अशी खात्रीची माहिती कुठे आहे?

उत्तर: हे खरे नाही आणि ते जिवावर बेतू शकते. बोटातून रक्ताचे थेंब काढल्याने मेंदूतील गुठळी विरघळत नाही की रक्तस्राव थांबत नाही; फक्त वेळ जातो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांतले काहीही अचानक दिसले तर १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहिल्यावरच. त्यामुळे रुग्ण शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवावी. तोंडाने पाणी, अन्न किंवा ॲस्पिरिन देऊ नये; गिळताना ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकते, आणि झटका रक्तस्रावाचा असल्यास ॲस्पिरिन घातक ठरते. हा परिच्छेद आपण संघाच्या फलकावर अवश्य लावावा.

मराठीत ‘विकासपीडिया’ या केंद्र सरकारच्या प्रकल्पावर आरोग्याचा विभाग आहे. मराठी विश्वकोशातील शरीररचनेच्या नोंदी उत्तम आहेत आणि त्या संकेतस्थळावर वाचता येतात. पण विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आहे. हाडे-स्नायूंची नावे बदलत नाहीत, उपचार मात्र बदलतात. तेव्हा रचना समजून घेण्यासाठी तो वाचावा, औषधोपचारांसाठी नव्हे. इंग्रजी पान यंत्राने मराठीत आणून वाचत असाल तर औषधाचे प्रमाण आणि ‘करू नये’ असे सांगणारी वाक्ये घरातील इंग्रजी जाणणाऱ्या व्यक्तीकडून मूळ पानाशी ताडून घ्यावीत.

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई): लंडनला राहणारी मुलगी मला तिकडची आरोग्यविषयक पाने पाठवते. त्यांत उपाशीपोटी साखर ७ असेल तर मधुमेह, असे लिहिले आहे. माझी तर ११० आहे! काही संकेतस्थळांवर ‘प्रमाणित’ असा शिक्का असतो. तो पाहून विश्वास ठेवावा का?

उत्तर: घाबरू नका, मोजण्याची एकके वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये रक्तातील साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणावे. ७ म्हणजे आपले १२६. उपाशीपोटी ११० ही साखर मधुमेहाच्या या मर्यादेखाली असली तरी पूर्णतः निर्धास्त राहावे अशीही नाही, म्हणून डॉक्टरांशी बोलावे. साधारण तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीचेही तसेच: तिकडचे ४८ म्हणजे आपले ६.५ टक्के. अमेरिकी पानांवर साखरेचे एकक आपलेच असते, पण पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटअमिनोफेन म्हणतात. दोन्ही वेगळी औषधे समजून एकाच वेळी घेतली तर दुप्पट डोस पोटात जातो आणि त्याचा परिणाम यकृतावर होऊ शकतो.

शिक्क्यावर विसंबू नये. आरोग्यविषयक संकेतस्थळांना ‘हॉनकोड’ हे प्रमाणपत्र देणारी स्वित्झर्लंडमधील संस्था एकेकाळी फार मान्यता पावलेली होती. ते प्रमाणपत्र २०२२ मध्ये बंद झाले. तो शिक्का आजही एखाद्या पानावर दिसला तर ते पान बराच काळ कोणी तपासलेले नाही, एवढेच त्यावरून समजावे.

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे): इंटरनेटवर शोधून घरी येणारे थेरपिस्ट मिळतात. त्यांची पात्रता खरी आहे का, हे तपासण्याची काही सोय आहे का?

उत्तर: आहे, पण प्रत्येकासाठी वेगळी. एम.बी.बी.एस. व त्यापुढील पदवीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. राज्यातील फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी त्यांची स्वतंत्र राज्य परिषद आहे. वाचा उपचारतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ आणि कृत्रिम हातपाय व स्प्लिंट तयार करणारे तज्ज्ञ यांची नोंद १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. तिच्या नोंदवहीत नाव किंवा क्रमांक टाकून शोधता येते. तेव्हा पहिल्याच फोनवर पदवी, परिषद आणि नोंदणी क्रमांक या तीन गोष्टी विचाराव्यात. ज्यांची नोंदणी आहे ते त्या आनंदाने सांगतात.

पहिल्या भेटीत आणखी एक पाहावे. चांगले थेरपिस्ट आधी रुग्णालयाचे कागद मागतात, रक्तदाब व जुने आजार विचारतात, रुग्णाला काय करता यायला हवे आहे हे त्यालाच विचारतात आणि मग हात लावतात. आल्याबरोबर यंत्राच्या तारा चिकटवून मोबाइल पाहत बसणाऱ्यांना, त्यांची नोंदणी खरी असली तरी, पुन्हा बोलावू नये.